आकडा

बॉनेट उचललं की ही गाडी गालफडांसकट उघडते,
दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखी.
स्टँडर्ड हेराल्ड, चौसष्टची.
वानवडीतल्या एका बंगल्यामागे
अकरा वर्षं कोंबड्या राहत होत्या हिच्यात.
मी बेचाळीस हजार दिले.
मालक म्हणाला, आतली अंडी तुमची.

एकतीस वर्षं मी
लोकांच्या भविष्याचा निर्वाह पाहिला,
गोळीबार मैदानाजवळच्या कचेरीत, आकडे जुळवत.
निवृत्त झाले तरी बोटं थांबेनात.
माझ्या वयाच्या बायका गीतेच्या परीक्षेला बसतात.
मी फीलर गेज घेतला,
पॉइंटची फट मोजायला:
इंचाचे पंधरा हजारांश.
एवढ्याशा जागेत ठिणगी राहते.
जागा वाढली की रुसते,
कमी झाली की पॉइंट जाळते.
(आमच्या घरातही साधारण असंच होतं,
पण तिथे गेज चालत नाही.)

सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली:
पार्किंगमधील तेलाच्या डागांबाबत
संबंधितांनी लेखी खुलासा करावा.
केला.
"तेल गळते, अर्थात तेल आहे."

सॅमसन उजगरे खडकीहून सायकलवर येतात,
रविवारी, चर्च सुटल्यावर, इस्त्रीच्या शर्टात.
दारूगोळा कारखान्यात टर्नर होते.
जो पार्ट नाना पेठेत नाही,
बुधवारी जुन्या बाजारात
किल्ली हरवलेल्या कुलपांच्या ढिगाखालीही नाही,
तो ते लेथवर काढून आणतात
रुमालात बांधून, भाकरी आणावी तसा.
मी नट उलटा पिळला तर एवढंच म्हणतात,
"बाई, घड्याळाला विचारा."

कार्बोरेटर सोडवला त्या दिवशी दिसलं,
अ‍ॅक्सिलरेटरच्या दांडीत जिथे पिन हवी
तिथे आकडा होता.
केसांचा. काळा. एक पाय वाकवलेला.
कधीतरी, कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला,
कुणीतरी अंबाड्यातून उपसून दिलेला.
मी नवी पिन काढली.
उजगरे म्हणाले, "राहू द्या.
त्याची नोकरी तुमच्यापेक्षा जास्त झालीय."

तीन वर्षं गेली. म्हणजे तीन दिवाळ्या,
दोन रेडिएटर, एक कोपर.
मग जानेवारीत, उजाडताना,
हडपसर मागे टाकून दिवे घाटाला लागलो.
दुसऱ्या गिअरला गाडी गुणगुणत होती,
उजगरे मांडीवर टोपी धरून,
खाली मस्तानी तलावावर धुकं,
आणि तिसऱ्या वळणाच्या अलीकडे
पाय एकदम पोकळ झाला.
इंजिन चालू, गाडी ढिम्म.
पेडल दाबतेय, पण पलीकडे कुणी नाही.

आकडा तुटला होता, बरोबर मध्ये.
उजगऱ्यांनी खिसे चाचपले.
टूलबॉक्समध्ये अठ्ठ्याण्णव वस्तू, मोजलेल्या,
आणि माझे केस
सत्तेचाळिसाव्या वर्षी वैतागून कापलेले.

मार्केट यार्डात अंजीर देऊन
सासवडकडे परतणारी एक बाई,
स्कूटरवर मागे रिकाम्या पाट्या, थांबली.
"गाडी कुणाची?"
"माझी."
"चालवता येते?"
"चालते तेव्हा."
तिने वाकून आत पाहिलं, काही विचारलं नाही,
डोक्यामागे हात नेला,
आकडा दातात धरून सरळ केला
आणि माझ्या काळ्या तळहातावर ठेवला.
नाव विचारायचं राहिलं.
जुन्याचे दोन तुकडे मी रुमालात ठेवले.
एक जमा, एक खर्ची,
आणि तरीही हिशेब काही मिटला नाही.

पुढच्या वळणावर तिने आम्हाला मागे टाकलं,
अंबाडा एका बाजूने सुटलेला,
आणि हॉर्न दिला.
मीही दिला.
तो अडकला, आणि झेंडेवाडीपर्यंत
वाजतच राहिला.